लॅकरवरचा अंगठा

रंगाच्या दुकानात माझ्यापुढे पन्नाशीचं एक जोडपं नंबर यायची वाट बघत उभं होतं.

"आता आणखी काय घ्यायचंय?"

"पॉलिशपेपर, दोन हजार नंबरचा. गिटारवर डाग पडलाय."

"अहो, तीनदा खरवडून तीनदा रंगवलीत ती. लेकीला लग्नात एवढं नटवलं नव्हतं."

"जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे ती. लॅकर मारल्यावर महिनाभर हात लावायचा नसतो. कोणीतरी लावलाय."

"कुठे?"

"बाजूच्या खाचेपाशी, दांडी सुरू होते तिथे. अख्खा अंगठा उमटलाय, रेषांसकट."

"उंदीर असेल."

"उंदराचा अंगठा एवढा नसतो. तुझाच आहे ना?"

"वाळलं का ते बघत होते."

"मला विचारायचं."

"रोज विचारते. तुम्ही रोज म्हणता, अजून आठ दिवस. वर्ष झालं, घरात एक तार वाजली नाही. ती तुमची नेहमीची चूकसुद्धा कानावर पडली नाही."

"ती चूक नाही, माझी पद्धत आहे."

"बरं, पद्धत. तीसुद्धा नाही."

तेवढ्यात दुकानदाराने विचारलं, "बोला साहेब, काय देऊ?"

"काही नको. गिटारच्या तारा इथे जवळपास कुठे मिळतील?"

"अहो, आणि पॉलिशपेपर?"

"राहू दे. आता लॅकर वाळलंय."

"मग त्या डागाचं काय?"

"असू दे. वरचे सूर वाजवताना माझा हात तिथेच येतो."

"तिथेच तर चुकता तुम्ही."