गुळगुळीत पाठीच्या कोंबड्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, सर्वात मोठ्या ब्रीडर फार्मचे मालक आणि कुक्कुटपालक संघटनेचे प्रमुख. प्रमुख पाहुण्या, आमच्या खात्याच्या संचालक मॅडम. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना आम्ही सगळे नुसतं ‘सर’ म्हणतो ते आमचे डॉक्टरसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. समोरचे हॅचरीवाले, फार्मवाले, खाद्यवाले, औषधवाले, कार्यालयातले माझे सहकारी. आणि अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली माझी ताई. तुम्हा सर्वांना नमस्कार.

अध्यक्षांनी मगाशी माझ्या कानात सांगितलं, ‘मॅडम, थोडक्यात आटपा, जेवणं थांबलीत.’ अध्यक्षांचा शब्द मोडायची माझी इच्छा नाही. पण सरांसारख्या माणसाविषयी थोडक्यात कसं बोलायचं? तेव्हा जेवणाला उशीर होईल. त्याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करते.

सर निवृत्त होताहेत. आपल्या धंद्यात सरांच्या सहीला काय किंमत आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. ब्रीडर फार्मच्या कळपाला रोगमुक्त प्रमाणपत्र असल्याशिवाय तिथलं अंडं उबवायला हॅचरीत जात नाही, आणि हॅचरीला प्रमाणपत्र असल्याशिवाय तिथलं पिल्लू कुणी घेत नाही. त्या दोन्ही प्रमाणपत्रांवर सही एकाच माणसाची. सरांची.

मी त्यांच्या हाताखाली शिकले, हे मला अभिमानानं सांगायचं आहे. कोंबडी कशी धरायची, पंखाखालची शीर कुठे सापडते, सुई किती अलगद टोचायची. पांढऱ्या फरशीवर रक्ताचा एक थेंब, त्यात जांभळ्या औषधाचा एक थेंब, हलकेच ढवळायचं आणि बघत राहायचं. रंग सारखा राहिला तर कोंबडी निरोगी. दूध नासल्यासारखे कण दिसू लागले तर तिच्या पोटात पांढऱ्या हगवणीचा रोग आहे. सर म्हणायचे, ‘फरशीवरची नजर हलवू नकोस. कोंबडी खोटं बोलत नाही.’ 

खरंच बोलत नाही. पण रोगी कोंबडीही दिसायला अगदी छान दिसते. खाते, पिते, अंडं घालते. रोग अंड्यातून पिल्लात जातो. पिल्लू हॅचरीत जन्मतं, तिथेच आजारी पडतं, तिथेच शेजारच्या पिल्लांना देतं. मरायला लागतात ती हॅचरीतली किंवा तिथून नेलेली पिल्लं, आणि बोट दाखवलं जातं हॅचरीवाल्याकडे. मागच्या रांगेत माना डोलताहेत. डोलणारच.

माझ्या ताईची हॅचरी होती. इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. घरामागची एक खोली, अंडी उबवायचं एक मोठं मशीन, एक छोटं. आमची आई गेली तेव्हा मी शाळेत होते. ताईनं मला वाढवलं ते त्या खोलीच्या आधारावर. मी तिथे अभ्यास करायचे, कारण घरात तेवढी एकच खोली उबदार असायची. लोक तिला ‘पिल्लंवाल्या बाई’ म्हणायचे. ती चिडायची, ‘अगं, बाई तरी कशाला, मी काय म्हातारी झाले का?’ पण मनातून खूश व्हायची.

ती अंडी घ्यायची फक्त आपल्या आजच्या अध्यक्षांच्या फार्मवरून. महाग पडायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘प्रमाणपत्राची आहेत बयो. रात्री झोप लागते.’

मग तिच्याकडची पिल्लं मरायला लागली. शेपटीखाली पांढरा चिकटा, पंख पडलेले, दिव्याखाली दाटीवाटीनं उभी राहून चिवचिव करणारी. ताईनं स्वतः कार्यालयात जाऊन कळवलं. कुणी तक्रार करायच्या आधी. सर आले. तपासणी झाली. पांढरी हगवण निघाली. हॅचरीला सील.

सर, त्या दिवशी मी तिथे होते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीवर आले होते. मशीनमधली पिल्लं अंडी फोडत होती. ताई तुम्हाला म्हणाली, ‘डॉक्टर, बटण बंद करायच्या आधी ऐका तरी हो. आतून चोचींचा आवाज येतोय.’ तुम्ही म्हणालात, ‘बाई, रोग काय आवाज ऐकून थांबतो का?’ आणि तुम्ही बटण बंद केलं. नियमाप्रमाणे बरोबरच केलंत. मी तुमच्या जागी असते तर मीही केलं असतं. तेवढ्यावरून माझं तुमच्याशी भांडण नाही.

ताईनं एकच प्रश्न विचारला होता. ‘अंडी जिथून आली तिथे बघितलं का?’ तुम्ही म्हणालात, ‘तो कळप रोगमुक्त आहे. माझी सही आहे त्यावर.’ आणि अध्यक्षमहाराज, तुम्हीही आला होतात त्या दिवशी. मोठ्या मनानं. दारातूनच म्हणालात, ‘घरगुती धंद्यात स्वच्छता राहत नाही, बाई. तुमच्यामुळे आमचं नाव खराब होतं.’ ज्या बाईच्या मशीनवर धुळीचा कण सापडत नव्हता, तिला तुम्ही हे सांगितलंत. 

त्यानंतर ताईकडून कुणी पिल्लू घेतलं नाही. सील निघालं तरी नाही. या सभागृहातले निम्मे लोक तेव्हा तिचे गिऱ्हाईक होते. रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूला जायचे, जणू रोग तिलाच झालाय. मशीन विकलं. आता ती एका शाळेच्या उपाहारगृहात काम करते. अंडं फोडायची वेळ आली की दुसरीला सांगते, ‘तू फोड गं.’

आणि मी सरांच्या कार्यालयात नोकरीला लागले. सरांना माहीत होतं मी कुणाची बहीण. पहिल्याच दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, ‘बहिणीच्या चुकीचा डाग मी तुझ्यावर लागू देणार नाही.’ वहिनी, तुम्ही मान हलवता आहात. हो, फार मायेनं म्हणाले होते. मी तो चहा प्यायले. त्याची चव अजून माझ्या तोंडात आहे.

आता मी सरांच्या कामाच्या पद्धतीविषयी बोलते, कारण निरोप समारंभात तेच बोलायचं असतं.

सर कधी शेडमध्ये शिरले नाहीत. ‘बाहेरच्या माणसानं आत जाऊन रोग का न्यायचा?’ असं त्यांचं म्हणणं. ऐकायला किती पटतं, नाही का? अध्यक्षांच्या फार्मवर त्यांची खुर्ची गेटजवळ झाडाखाली मांडली जायची. फार्मची माणसं पिंजऱ्यांतून कोंबड्या आणून द्यायची. आम्ही रक्त घ्यायचो. रंग कधी फाटला नाही. एकदाही नाही. 

पहिल्या तपासणीला मी कोंबड्या हातात घेत होते आणि मला काहीतरी खटकत होतं. खूप वेळ कळेना काय ते. मग कळलं. त्यांच्या पाठी.

हसलात? हसा. तुम्हाला कळलं. पण आमच्या कार्यालयातल्या नव्या मुलींसाठी सांगते. ब्रीडर फार्मवर कोंबड्या आणि कोंबडे एकत्र असतात. कोंबडा पाठीवर चढतो, नख्या रोवतो. काही दिवसांत कोंबडीच्या पाठीवरची पिसं विरळ होतात, कातडी दिसायला लागते. ज्या कळपातून उबवायची अंडी येतात, त्यातली कोंबडी पाठीवरून लपत नाही. आणि पिंजऱ्यातल्या त्या कोंबड्यांच्या पाठी? नव्या नवरीच्या शालूसारख्या. एक पीस इकडचं तिकडे नाही. 

त्यांनी उभ्या जन्मात कोंबडा पाहिला नव्हता. त्यांचं अंडं कधी हॅचरीत गेलंच नव्हतं. त्या तपासणीसाठी पाळलेल्या कोंबड्या होत्या. फार्मवरची माणसं त्यांना ‘पाहुण्यांच्या कोंबड्या’ म्हणतात, हे मला पुढे कळलं. 

मी तिथेच विचारलं, ‘सर, यांच्या पाठी इतक्या गुळगुळीत कशा?’ मालक म्हणाले, ‘निगा, मॅडम, निगा!’ सगळे हसले. सरही. परत येताना जीपमध्ये सर माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘पोरी, आपल्याला सही करायला जेवढं लागतं तेवढंच बघावं.’ 

सर, तुम्हाला माहीत होतं का, हा प्रश्न त्या दिवशी संपला. तुम्ही मान खाली घालू नका. फोटोग्राफरला त्रास होतो.

मी वर तक्रार केली नाही. हाताखालच्या नव्या डॉक्टरचं कोण ऐकणार, आणि तीही त्या बाईची बहीण! एकदा मी एकटीच न कळवता गेले. ‘औषध मारायचं चाललंय, थांबा’ म्हणून गेटवर उन्हात उभं केलं. गेट उघडलं तेव्हा खुर्ची मांडलेली होती आणि पिंजरे भरलेले. मग मी थांबायचं ठरवलं. रोज कामावर आले. सरांचे डबे, सरांचे वाढदिवस, सरांच्या नातवाचे फोटो. सगळं आनंदानं केलं. माझ्या मनात काय आहे ते माझ्या चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. कोंबडीकडून एवढं तरी शिकायला हवं. 

गेल्या आठवड्यात सरांनी मला चार्ज दिला. मी तशीच उठून संचालक मॅडमकडे गेले. त्यांना म्हटलं, या फार्मची तपासणी मी करणार नाही. माझी बहीण यात आहे. उद्या कुणी म्हणेल, हिनं डाव साधला. बाहेरची माणसं पाठवा, न कळवता पाठवा, आणि त्यांना शेडच्या आत जाऊ द्या. मॅडमनी आदेश दिला. मी त्यांच्याकडे एकच विनंती केली. दिवस आणि वेळ मला ठरवू द्या.

आता अध्यक्षांना कळलं असेल, मी इतकं का बोलतेय. 

बसा, मालक. बसा. आता धावून उपयोग नाही. हा समारंभ सुरू झाला तेव्हाच माणसं आत गेली आहेत. गेटवरच्या माणसाला हुकूम आहे की कुणी आलं तर आधी मॅनेजरला फोन लावायचा. मॅनेजर तिसऱ्या रांगेत आहेत. सुपरवायझर त्यांच्या शेजारी. दोघांना मी स्वतः घरी जाऊन आग्रहाचं आमंत्रण दिलं होतं. आणि फोन बंद ठेवण्याची विनंती सूत्रसंचालकांनी केली, ती माझ्या सांगण्यावरून. आज तिथे खुर्ची मांडायला कुणी नाही. पिंजरे भरायला कुणी नाही. आज ज्यांच्या पाठी सोललेल्या आहेत, त्यांचं रक्त फरशीवर पडतंय. 

याला कुणी सूड म्हणेल. म्हणा. मी नाही म्हणणार नाही. ताईनं तो मागितला नव्हता. मी तिला एकदा सांगायला गेले तर म्हणाली, ‘सोड गं. त्यानं काय माझी पिल्लं परत येणारेत?’ नाही येणार. पण ती जिथून जाते तिथे लोक अजून बाजूला होतात, आणि ते मला बघवत नाही. माझ्या बहिणीचं नाव याच लोकांसमोर मातीत गेलं. मला ते याच लोकांसमोर उचलायचं होतं. तिला मी आज फक्त ‘समारंभ आहे, चल’ एवढंच सांगून आणलंय. ताई, उठू नकोस. 

संचालक मॅडमचा फोन तेवढा चालू आहे. मगाशी त्यांनी त्यावर आलेला निरोप वाचला. मॅडम, सांगू? 

मॅडम मान हलवताहेत.

मंडळी, रंग फाटला आहे. एका शेडमध्ये नाही, ज्या ज्या शेडमध्ये कोंबडे आहेत त्या प्रत्येक शेडमध्ये. पक्का निकाल प्रयोगशाळेतून यायचा आहे. पण संशय आला की अंडं गेटबाहेर जात नाही, आवाज ऐकून रोग थांबत नाही, हे आम्हाला सरांनीच शिकवलं. फार्मला सील लागलं आहे. प्रमाणपत्र रद्द. आणि सर, निवृत्तीनंतर तुम्ही तिथे सल्लागार म्हणून रुजू होणार होतात, अशी कुजबुज आहे. त्यांना आता सल्ल्याची खरंच गरज पडेल. तुमच्या जुन्या सह्यांची चौकशीही उद्यापासून सुरू होते. ती मी करणार नाही. पण कुणी विचारलं तर जीपमधलं वाक्य शब्दाला शब्द सांगेन.

त्या कोंबड्यांचा काही गुन्हा नव्हता. पक्का निकाल आला की त्यांचं काय होणार, हे तुम्हाला माहीत आहे. त्या गोष्टीचं मला वाईट वाटतं, आणि ते वाटणं मी सुडाच्या हिशेबात धरलेलं नाही. 

आता हे सगळं ऐकून ज्यांचे चेहरे उतरलेत, त्या हॅचरीवाल्यांसाठी दोन शब्द. तुमच्या मशीनमध्ये आत्ता त्याच फार्मची अंडी आहेत. काहींच्या आत चोची चालू झाल्या असतील. उद्या माझी माणसं तुमच्याकडे येतील आणि बटण बंद करतील. तुम्ही म्हणाल, आमची काय चूक? काही नाही. या वेळी आम्ही ते लिहून देऊ. पण गिऱ्हाईक ते वाचत बसत नाही, रस्ता ओलांडून जातं. बंद मशीनसमोर रात्र कशी काढायची, सकाळी दार उघडून बाहेर कसं यायचं, लोकांच्या नजरा कशा झेलायच्या, हे या सभागृहात एकाच माणसाला माहीत आहे. शेवटच्या रांगेत, दाराजवळ. जाऊन विचारा. ती सांगेल. ती माझ्यासारखी नाही.

संचालक मॅडमचे आभार, त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. फार्मवर गेलेल्या बाहेरच्या सहकाऱ्यांचे आभार, जे आज जेवायला आले नाहीत. वहिनी, तुम्हाला हे सगळं ऐकावं लागलं, त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. सभागृहाला माझ्या बोलण्यात कुठे उणंअधिक वाटलं असेल, तर उदार मनानं पोटात घाला. सर, मालक, तुम्हा दोघांकडे मात्र मी माफी मागत नाही, आणि तुम्हाला द्यायला माझ्याकडे ती नाही. ज्या बाईकडे ती माफी असेल, ती माझी ताई, बघा, उठून उभी राहिली आहे, आणि तिच्या रांगेतलं आज कुणीही बाजूला झालेलं नाही.