साडूचं दुखणं, माझे पाय

— हातोडी ठेवा आधी खाली, डॉक्टरबाई. गुडघा आहे तो, दाराची कडी नाही! तीनदा ठोकलंत, नाही उडाला, नाही उडत, त्याची मर्जी. तुमच्या वयाएवढी माझी शिडी जुनी आहे — चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवतोय, पाय म्हणजे काय ते मला शिकवू नका. साखर आहे थोडी, बस्स. साडूलाही आहे. मागच्या डॉक्टरकडं आम्ही जोडीनंच गेलो — साडू म्हणाला, तळव्यांची आग होते, मी म्हटलं, माझंही तेच लिहा, एकाच घरचे जावई, एकाच मापाचे पाय! डॉक्टर हसला, दोघांना एकच गोळी, काम फत्ते. — आग? छे, मला कसली आग, मला तर काहीच — म्हणजे होते, होते की थोडी. लिहा तुम्ही, लिहा.

बधिरपण किती दिवसांत वर चढलं म्हणजे? साडूचं चार वर्षं झाली, घोट्याशी बसलंय शहाण्यासारखं. माझं अडीच महिन्यांत मांडीला. त्यात काय, मी पहिल्यापासूनच चपळ! हो, उठताना हात टेकतो. टेकतो, मग? ब्रश हातातनं पडतो हे तुम्हाला कोणी सांगितलं — साडूनं? चोंबडा! बाहेर बसलाय ना, बघतोच त्याला.

आणि तुम्ही मला घाबरवू नका. दोन्ही दुखणी दिसायला जुळी, पण हे साखरेचं नाही, अंगच आपल्या नसांवरचं साल सोलून खातंय, आत्ता सलाईन लावलं तर पाय परत येतील, उशीर केला तर गेले — पाठ झालं मला! आणि इथं खाटेवर पडलो की उद्या माझ्या शिडीवर कोण चढणार? टपलेत सगळे, म्हातारा कधी उतरतो म्हणून. अहो, मागच्या डॉक्टरनं पायाचा अंगठा हलवून विचारलं होतं, वर की खाली — दहापैकी दहा! शाबास म्हणाला. डोळे मिटून? मिटले होते की. मिटलेच होते — आता पापण्यांतनं दिसतं थोडं, त्याला मी काय करू? लपाछपीतसुद्धा माझ्यावर राज्य कधी टिकलं नाही. — असं बघू नका माझ्याकडं. गंमत केली एक. माणसानं गंमत पण करू नये?

टॉवेल कशाला? विश्वास नाही वाटतं? बांधा. बांधा, अजून घट्ट — आता बघाच कशी जिरवतो तुमची. हं, धरा अंगठा.

धरा की, बाई. दिवसभर असाच बसवून ठेवणार? पगार कसला घेता मग, नुसतं माझ्या पायांकडं बघत बसण्याचा —

काय?

धरलाय?

…कधीपासून?

नाही. टॉवेल सोडू नका. म्हटलं ना — हात लावू नका त्याला.