चौघींनी बनवलेलं रानडुकराचं मशीन

पोरायले गटात काम द्याच्या आधी मास्तरनं दहा वेळा विचार करावा, हे मले ठेच लागून समजलं. मी आर्णीजवळच्या शाळेत तंत्रज्ञान शिकवतो. सातवीच्या चार पोरींले म्हटलं, "रानडुकरं पळवाचं मशीन बनवा. समोर कोणी आलं का भोंगा वाजला पायजे."

आठ दिवस पोरी भांडल्या. एक म्हणे वाघाचा आवाज टाकू, दुसरी म्हणे फटाक्याचा. शेवटी एकमत झालं.

तपासणीले साहेब आले अन् नेमके मशीनसमोर उभे राह्यले. भोंग्यातून माह्याच आवाज निंघाला, "कोन हाये रे बे तिकडं? पाठ सोलून काढीन!" पोरींनी वर्गात चोरून रेकॉर्ड केलता.

साहेब दोन पावलं मागं सरकले.

"ही कोणाची कल्पना?" साहेबानं विचारलं.

चौघी एका सुरात म्हणाल्या, "गटाची, सर!"

साहेब हसत सुटले, म्हणून मी वाचलो. मंग ते मशीन एकीच्या बापानं सोयाबीनमध्ये लावलं. पंधरा दिवसांनी तो शाळेत आला.

"गुरुजी, पहिले डुकरं लय पळाले. आता सवय झाली त्यायले. जरा अजून जोरात रागवून द्या ना!"