तोटा कमी झालाय ना!

...आणि वर बाबा मलाच विचारतात, "तोंड का पाडलंयस?" आता तुम्हीच सांगा, माझ्या कॉलेजच्या फीचे पैसे तोट्यातल्या हॉस्पिटल कंपनीच्या शेअरमध्ये घातल्यावर मी काय नाचू? बरं, बाबांनी त्या कंपनीची तब्येत तपासली कशी? तर दर शनिवारी मला घेऊन तिच्या हॉस्पिटलात जायचं, बाकावर बसायचं आणि पेशंट मोजायचे! "एकशे बारा! मागच्या वेळी नव्वदच होते. लिही, लिही!" मी मान खाली घालून वहीत लिहायची आणि शेजारच्या आजी कळवळून विचारायच्या, "काय होतंय गं बाळ तुला?" काय सांगणार कपाळ!

तुम्हाला सांगते, शेवटी मी अख्खा वार्षिक अहवाल वाचून काढला. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे हो, दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेतात, पण अहवालात बघितले काय, तर हसऱ्या नर्सचे फोटो! मागच्या पानांवर चक्क छापलं होतं, एका पेशंटमागे मिळतात त्याहून जास्त पैसे खर्च होतात. म्हणजे गर्दी वाढली म्हणून आम्ही बाकावर बसून खूश होत होतो, ती गर्दी कंपनीला बुडवत होती! मी घाबरत घाबरत सांगितलं. तर बाबा म्हणतात, "अगं, पण तोटा कमी झालाय ना!" झालाय की! दोन हॉस्पिटलं बंद केल्यावर होणारच! "आणि कर्ज वाढलंय त्याचं काय, बाबा?" "तोटा कमी झालाय ना!" "ऑडिटरने लिहिलंय, कंपनी पुढे चालेल याची खात्री नाही..." "शंका काढायचेच पैसे मिळतात त्याला. तोटा कमी झालाय ना!"

गेल्या महिन्यात शेअर निम्म्यावर आला. आईने शिवणाचं मशीन थांबवलं. "विका तो, येतील ते येतील. पोरीची फी तरी भरा." बाबा अगदी हळू म्हणाले, "विकला की तोटा खरा होतो गं..." त्या आवाजावरून कळलं मला, सगळं ठाऊक होतं त्यांना. पहिल्यापासून!

काल फी भरायची मुदत संपली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "एक वर्ष थांब. वय काय पळून जातंय तुझं?" मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? पडलेला शेअर निदान विकता तरी येतो... बाबांचं काय करू?