शॉकनंतरची पहिली हाक

दवाखान्याच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या आणि शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याचे कान चांगले वीतभर लांबले होते.

"गेल्या वेळी डोक्याला विजेचा शॉक दिल्यावर माझ्या लेकानं आधी मलाच हाक मारली."

"तेव्हा त्यांना लग्न झाल्याचंच आठवत नव्हतं, आई."

"आठवत होतं तेव्हा कुठं बोलत होता? नुसता भिंतीकडं तोंड करून पडलेला!"

"आज डॉक्टर मेंदूच्या लहरी मशिनवर बघून बेतानं शॉक देताहेत. विसर कमी पडेल म्हणाले."

"म्हणजे तुझीच सोय!"

नर्सनं दार उघडलं. आतून क्षीण आवाज आला.

"आई..."

"ऐकलंस? मलाच!"

"आई, हिनं सकाळपासून काही खाल्लंय का गं?"

"हाक मला आणि काळजी हिची! जा बाई, जा आत. आणि सांग त्याला, आईसुद्धा उपाशीच आहे म्हणावं."