दोन सेकंदांचं सुतक

मधुकरराव: दोन सेकंद म्हणजे काय रे हिलाल? माणूस शिंकला तरी तेवढे जातात. आणि तू असा बसलायस, की घरातलं कोणी गेलंय आणि मी भेटायला आलोय.

हिलाल: घड्याळ तुमच्या हातात होतं, मधुकरराव. सुटताना जरा दमानं दाबलं असतं तर काय बिघडलं असतं?

मधुकरराव: मी मिलचा टाइमकीपर. भोंग्यानंतर आलेल्याचे पैसे कापतो म्हणून निम्मं उधना मला शिव्या घालतं. तुला दोन सेकंद फुकट दिले असते, तर उरलेल्या निम्म्यानं घातल्या असत्या.

उषाबाई: भाऊ, तुम्ही बाजेवर नीट मागे सरकून बसा. अहो, तुम्ही पाय काढू नका पाण्यातून. मीठ टाकलंय, वाया जाईल.

हिलाल: पायाला काही झालं नाही माझ्या.

उषाबाई: माहीत आहे. तोंड शेकायची सोय असती तर घमेल्यात तोंडच घातलं असतं तुमचं. मैदानावरून आल्यापासून उतरलंय.

मधुकरराव: वहिनी, अहो, हा दुसरा आला. विशी-पंचविशीतली पोरं मागे धापा टाकत होती. बक्षीस काय मिळालं?

उषाबाई: स्टीलचा डबा.

मधुकरराव: आणि पहिल्याला?

उषाबाई: तोच. त्याच्या डब्याला झाकण आहे.

हिलाल: पहिला-दुसरा राहू द्या. माले त्या पोरांशी धावायचंच नव्हतं. मी धावत होतो बासष्ट सालच्या हिलालशी. पंधराशे मीटर, चार मिनिटं बारा. आज चार-चौदा. पुढच्या खेपेला पस्तिशी उलटलेली असेल. पस्तिशीच्या वरच्यांना काय ठेवलंय हो तुम्ही?

मधुकरराव: लिंबू-चमचा. आणि संगीत खुर्ची. कमिटीनं ठरवलं, मी फक्त टाइप करून घेतलं.

हिलाल: म्हणजे आजचा शेवटचा मोका होता. चौदा वर्षं लूमखात्यात नव्या पोरांना सांगत आलो, मी चार-बारावाला. आज बराबरी झाली असती तर मनाला म्हटलं असतं, गड्या, तू तोच आहेस अजून. नाही झाली. संपलं.

मधुकरराव: तो दिवस मात्र काही और होता. नदीकाठचं मैदान, पोंकाचे दिवस. मैदानाच्या कडेला पोंकाच्या भट्ट्या लागलेल्या.

हिलाल: माले तेव्हा नवलच वाटायचं. आपल्या गावचा हुरडा, अन् इथं सुरतेत त्याला शेव अन् लिंबू लावून विकताय. गावाकडं पाहुण्याला फुकट द्यायचे.

मधुकरराव: आणि तुझी ती चड्डी. नमुन्याच्या तुकड्यांची शिवलेली. एका पायाला चौकडा, एका पायाला पट्टे.

हिलाल: खोलीत आठ जण राहायचो. त्यातल्या निंबानं शिवली होती. म्हणे, वळणावर पट्ट्यांचा पाय पुढे टाक, जोरात वाटतो.

मधुकरराव: लूमखातं सगळं दोरीला लटकलेलं. धोट्यासारखा पळ रे हिलाल, धोट्यासारखा. मी म्हटलं, असं सांगू नका त्याला, मागावर धोटा गेला तसा परत येतो. हा नियमानं वागणारा माणूस, खरंच मागे फिरायचा.

हिलाल: शेवटच्या फेरीत माले काही ऐकू येत नव्हतं. नुसते पाय. वाटलं, जमीनच मागे सरकतेय, मी जागेवर आहे. तसं पुन्हा कधी झालं नाही. आज वाट पाहिली शेवटच्या वळणापर्यंत. नाही झालं.

उषाबाई: आज वळणावर तुम्ही तोंड वेडंवाकडं केलं, तेव्हा बायांच्या मंडपात सगळ्या म्हणाल्या, यांचं पोट दुखतंय.

हिलाल: तुले हसू येतंय. माझ्याजवळ तेव्हा काय होतं, सांगा मधुकरराव. नंदुरबारकडून आलेलो. आई नाही, बाप नाही. बदली कामगार, रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी आजारी पडला तर आपल्याला लूम. कोणाचं वाईट चिंतू नये म्हणतात, अन् आमचं पोटच त्यावर. असा माणूस चार-बारा धावला, अन् दुसऱ्या दिवशी रंगखात्याचे सुपडू मिस्तरी खोलीवर हजर. म्हणे, पोरगी द्यायची आहे.

मधुकरराव: माहीत आहे. तुझ्या लग्नात जिलबी मी वाढली.

हिलाल: हिच्यासाठी पक्क्या नोकरीवाले दोन तयार होते. एक तर फिटर होता, सायकलवाला. तरी माले दिली. कशावर? त्या चार-बारावर. दुसरं दाखवायला होतंच काय?

उषाबाई: फिटरचं नाक फार मोठं होतं.

हिलाल: नाकावरून कोणी नवरा नाकारतं का?

उषाबाई: रोज समोर बसून जेवायचं कोणाला होतं?

मधुकरराव: त्या मैदानाची आखणी माझ्याकडे होती, बरं का. मॅनेजरसाहेबांना मीटरचं वेड लागलेलं. सरकारनं नुकताच मीटर आणला होता, बाजारात अजून सगळे वारातच बोलायचे. साहेब म्हणाले, आपल्या शर्यती मीटरमध्येच होणार. एवढा लांब टेप आणायचा कुठून? मग मी नवार विणून घेतली, शंभर मीटर. दर मीटरला काळ्या दोऱ्याची खूण शिवून घेतली. काय पांढरीशुभ्र दिसत होती.

हिलाल: पांढरी कुठली? लाल होती. मैदानावर अंथरलेली पाहिली ना मी.

मधुकरराव: माझ्या हातून गेली तेव्हा पांढरी होती.

उषाबाई: माझ्या आबांनी रंगवली. मॅनेजरचा निरोप आला, शेठ येताय, पांढरी पट्टी मळकी दिसेल, लाल करा. मी आबांचा डबा घेऊन खात्यात गेले होते, तेव्हा उकळत्या हौदात होती. पक्का रंग दिला होता. अजून उतरलेला नाही.

मधुकरराव: थांबा, वहिनी. खुणा शिवून झाल्यावर उकळली?

उषाबाई: हो की. खुणा आहेत अजून तिच्यावर.

मधुकरराव: अजून? कुठे आहे ती?

उषाबाई: तुम्ही बसले आहात तिच्यावर. शर्यतीनंतर ती कोणाला नको होती. आबांनी मागून घेतली, बाज विणली अन् लग्नात आम्हाला दिली.

मधुकरराव: हिलाल, तू विणणारा माणूस. एक साधा प्रश्न. कोरं सूत उकळत्या पाण्यात घातलं, तर काय होतं?

हिलाल: आटतं. हे काय विचारणं झालं? आपल्या उधन्यात शेंबड्या पोराला…

मधुकरराव: बोल, बोल. पुढे बोल.

हिलाल: …ती पट्टी पण सुताचीच.

मधुकरराव: वहिनी, तुमचा शिवणाचा टेप द्या बघू.

(उषाबाई टेप आणतात. हिलाल ओल्या पायांनीच उठतो. तिघंही बाजेवर वाकतात.)

मधुकरराव: ही एक खूण. ही दुसरी. आता वाच.

हिलाल: चार बोटं कमी.

मधुकरराव: पुढचा मीटर.

हिलाल: तोही तसाच.

उषाबाई: इतकी वर्षं माणसं झोपून थोडी ताणली असेल. तेव्हा जास्तच असेल.

मधुकरराव: मीटरमागे चार बोटं. पंधराशेला शंभराच्या वर मीटर हवेत गेले. अख्खी मिल कापडाची. कापड किती आटेल याचा हिशेब करून पोट भरणारी माणसं आम्ही. आणि मैदान आखताना एकाच्याही लक्षात येऊ नये. मीटर नवा होता ना. वाटलं असेल, एवढाच असतो.

हिलाल: तुम्ही हसता काय?

मधुकरराव: हसू नको तर काय करू? अरे, आजचं मैदान इंजिनिअरनं लोखंडी साखळीनं मोजलंय. लोखंड काही आटत नाही. आज तू पुरे पंधराशे धावलास, तेही या वयात. बासष्टचा हिलाल आज मैदानावर असता, तर शंभर मीटर मागे राहिला असता. सुतक फिटलं. वहिनी, चहा टाका.

हिलाल: चहा नको.

मधुकरराव: अरे, तू जिंकलास.

हिलाल: कोणाशी? बासष्टचा हिलाल तर गेलाच मग. चार-बारा कधी कोणी धावलंच नाही. संध्याकाळपर्यंत मी म्हातारा झालो होतो, पण चार-बारावाला होतो. तुम्ही घरी येऊन माले जवान केलं, अन् होतं नव्हतं ते घेऊन चालले.

मधुकरराव: मी कोणाला सांगत नाही. ते मैदान अडुसष्टच्या पुरात गाळाखाली गेलं, पुन्हा मोजायला कोणी जाणार नाही. मॅनेजर निवृत्त होऊन वलसाडला आंबे मोजतोय. लूमखात्यात तू चार-बारावालाच राहशील.

हिलाल: लूमखात्याचं नाही हो. माले बायको मिळाली ती आटलेल्या पट्टीवर. मापात खोट. सुपडू मिस्तरी फसले बिचारे, फिटरला सोडून बदलीवाल्याला पोरगी देऊन बसले.

मधुकरराव: चौदा वर्षं वापरलेला माल सुरतेतली कुठलीच पेढी परत घेत नाही. त्या बाबतीत तू निश्चिंत राहा.

उषाबाई: आबा फसले असं कोण म्हणतं?

हिलाल: मग?

उषाबाई: हौदातून पट्टी निघाली तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं. जन्म गेला त्यांचा रंगखात्यात. मॅनेजरला सांगायलाही गेले, साहेब, ही आटली. मॅनेजर म्हणाला, रंग छान आलाय, मिस्तरी.

मधुकरराव: हे मात्र अगदी त्याच्यासारखं झालं.

हिलाल: म्हणजे तुले माहीत होतं? चौदा वरीस काबर बोलनी नही तू?

उषाबाई: तुम्ही दर दिवाळीला पाहुण्यांना चार-बारा सांगायचे, छाती पुढे काढून. मी फराळ वाढत असायची. मध्ये काय बोलू? अन् माले कुठं वाटलं, एवढी मोठी गोष्ट आहे ती.

हिलाल: एवढी मोठी म्हणजे? वेळ खोटी आहे, हे माहीत असून मिस्तरींनी पोरगी दिली?

उषाबाई: आबांजवळ घड्याळ तरी होतं का?

हिलाल: घड्याळ नसेल. पण शर्यत पाहूनच ठरवलं ना त्यांनी?

उषाबाई: शर्यत नाही पाहिली त्यांनी.

हिलाल: नाही कशी? दोरीला टेकून उभे होते. दर फेरीला दिसायचे माले.

उषाबाई: उभे होते, माझ्या शेजारीच. पण मैदानाकडे पाठ होती त्यांची. ते माझ्याकडे बघत होते, अन् मी तुमच्याकडे.