सदाशिवरावांचे ठरलेले शब्द

...आणि वर म्हणे, इंग्रजीत काऊन विचाराचं नाई! काऊन म्हणजे 'का'. का नाही विचारायचं? देवाला विचारू नये, समजू शकते, देव काही उत्तर देत नाही. पण इंग्रजी काय आमचं कुलदैवत आहे? पण नाही. पाचवीत असताना मी आमच्या मोठ्या बाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, अण्णाजींना, एवढंच विचारलं होतं की नाइफ लिहिताना आधी के कशाला, तो तर बोलतच नाही? तर हातातलं वांगं खाली न ठेवता म्हणाले, "पोरी, इंग्रजीत काऊन विचाराचं नाई. साहेबानं लिवलं, आपन पाठ कराचं." झालं. साहेब जाऊन तीस वर्षं झाली, आणि तो के अजून सुरीच्या तोंडाशी मुकाट बसलाय, आमच्या घरातल्या बायकांसारखा.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा के वरून ही पोरगी एवढी का भडकली? तुम्हाला सांगते, के वरून नाही. लग्नावरून.

झालं असं, की यंदा मी बी.ए. झाले. इंग्रजी घेऊन, कॉलेजात पहिली. मला बी.एड. करायचंय, शाळेत शिकवायचंय, वर्गातल्या प्रत्येक मुलीला सांगायचंय की विचार बाई, हवं तेवढं 'का' विचार. पण आमच्या घरात मुलगी शिकली की आधी स्थळ पाहतात. आणि स्थळ आलं कारंजा घाडग्याचं. मुलगा ओमप्रकाश, जबलपूरला टेलिफोन खात्यात. तिकडे म्हणे साहेबांच्या बायकांशी बोलावं लागतं, म्हणून मुलगी इंग्रजी येणारी पाहिजे. आणि नोकरी करणारी नको. म्हणजे इंग्रजी यावं, पण ते साहेबांच्या बायकांपुरतं! मोठे बाबा म्हणाले, एवढं स्थळ होऊन जाऊ दे, नाही जमलं तर जाजो बी.एड.ला. आई-बाबा गप्प. ते मोठ्या भावापुढे तोंड उघडत नाहीत, त्यांचाही के झालाय.

बरं, मुलाचे काका सदाशिवराव म्हणजे साऱ्या जिल्ह्यात नाव. घराण्यातल्या एकूण एका मुलासाठी मुली हेच पाहतात, आणि प्रत्येक मुलीला इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं विचारतात. पण कोणते शब्द? तेच ते! वर्षानुवर्षं तेच, त्याच क्रमानं! कारंज्यापासून तळेगावापर्यंत ज्या घरी त्यांनी पोहे खाल्ले, त्या घरी ते शब्द पाठ. बोर्डाचा पेपर फुटला तर पोलीस येतात, हा फुटला तर शेजारीण येते. आमच्याकडे कुंताबाई आल्या. त्यांच्या मुलीला याच सदाशिवरावांनी नापास करून ठेवलेलं. त्या पदर खोचून बसल्या आणि एकामागून एक शब्द सांगू लागल्या, "पयला सुरीचा. मंग पावतीचा, त्याच्यात पी आहे, पन म्हनाचा नाई. मंग सासूचा, त्याच्यात दोन काड्या आहेत."

सासूत काड्या! मदर-इन-लॉ, मधे दोन आडव्या रेघा. मी म्हटलं, त्याला हायफन म्हणतात. कुंताबाई म्हणाल्या, "काय बी म्हन माय, सासू म्हनली की काड्या असनारच."

मग सुरू झाली तयारी. आमचं घर भाजीवाल्यांचं. पहाटे गुजरीत, भाजीबाजारात, माल पोचवायचा म्हणून संध्याकाळी सगळे ओसरीवर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायला बसतात. तिथेच मोठे बाबा शब्द विचारायचे आणि मी सांगायचं. मला येत नव्हते का? अहो, येत होते! पण मोठ्या बाबांना खात्री हवी. आणि चूक काढायचीच म्हणून त्यांनी मधेच टुडे विचारला. मी सांगितला. तर म्हणाले, "टु आन् डे च्या मंधात रेघ आहे. आमच्या मास्तरानं शिकवली होती." मी म्हटलं, पूर्वी होती, आता काढली. म्हणाले, "कोनं काढली?" मी म्हटलं, कुणी नाही, आपोआप गेली. म्हणाले, "आपोआप कशी जाईन? तुमच्या कॉलेजवाल्यायनं काढली असन." मी म्हटलं, पण ती रेघ मुळात होतीच कशाला? तर झालं सुरू... इंग्रजीत काऊन विचाराचं नाई!

त्यात मोठी आई, मोठ्या बाबांची बायको, देवकाबाई. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कान असे की एकदा ऐकलेलं विसरत नाही. जुडी बांधता बांधता ती सारं ऐकत होती. एक अक्षर, एक काडी सांबार. एक अक्षर, एक काडी सांबार. शब्द संपला की जुडीला सुतळीचा वेढा. चार संध्याकाळी गेल्या आणि तिची जुडी त्या चालीशिवाय बांधली जाईना. "के-एन-आय-एफ-ई" झाली एक जुडी, "आर-ई-सी-ई-आय-पी-टी" झाली दुसरी. मी विचारलं, मोठी आई, याचा अर्थ माहीत आहे का? म्हणाली, "आरतीचा तरी कुठं माहीत आहे?"

आता तुम्ही म्हणाल, मग त्या दिवशी मुद्दाम चुकायचं होतंस, स्थळ आपोआप गेलं असतं. तुम्हाला काय वाटतं, मी ठरवलं नव्हतं? रात्रभर ठरवलं! पण चूक स्पेलिंग माझ्या तोंडातून निघत नाही हो. जीभच वळत नाही. तोही एक शापच.

तर रविवारी आले. सदाशिवराव धोतर-कोटात, मुलगा पायघोळ पँटमध्ये, वर मान करत नाही. इंग्रजीत मॅच म्हणजे काडीपेटीतली काडी, मॅच म्हणजे सामना आणि मॅच म्हणजे लग्नाचं जुळणं. आग लावायची, हरायचं-जिंकायचं आणि सोयरीक करायची, तिन्हीला एकच शब्द. साहेबाला आमच्याबद्दल एवढं मात्र बरोबर कळलेलं दिसतं. मी चहा दिला, पाटावर बसले. सदाशिवरावांनी मिशी पुसली आणि विचारलं, "नाइफ?" मी सांगितलं. वाईट वाटत होतं, पण बरोबर सांगितलं. मोठे बाबा मान डोलावत होते. मग त्यांनी विचारलं, "रिसीट?" मी तोंड उघडलं...

आणि स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज आला, "आर-ई-सी-ई-आय-पी-टी..."

मोठी आई! आत बसल्या बसल्या तिनं सांबार घेतला होता हातात. हात चालायला लागले की तोंड चालतं, आणि तोंड एकदा चाललं की थांबतं कुठे? सदाशिवरावांनी पुढचा शब्द अजून विचारलेलाही नाही आणि ती आपल्या तालात पुढे, "एम-ओ-टी-एच-ई-आर-काडी-आय-एन-काडी-एल-ए-डब्ल्यू..." वेढा मारला, पुढची जुडी घेतली. आणि आमचे मोठे बाबा! पाहुण्यांसमोर! सवयीनं म्हणाले, "बराबर. पुढचा."

तुम्हाला सांगते, जन्मात एवढा आनंद झाला नव्हता मला. मनात म्हटलं, नलू, सुटलीस! चोरी पकडली गेली, आता हे उठतील, कोट झटकतील, आणि मी सोमवारी बी.एड.च्या कॉलेजात. मोठ्या बाबांचा चेहरा तर पाहवेना, कोमेजलेल्या मेथीसारखा.

पण सदाशिवराव हसले. अहो, पोट धरून हसले. म्हणाले, "अण्णाजी, घाबरता काऊन जी? मले कुठं इंग्रजी येते? या शब्दायचा अर्थ मलेच मालूम नाई. चार शब्द पाठ केले होते तरुणपनी, तेच विचारतो." मोठे बाबा म्हणाले, मग विचारता कशाला? तर सदाशिवराव माझ्याकडे न पाहता, मी तिथे नसल्यासारखं म्हणाले, "मी एवढंच पाहातो, का पोरगी मुकाट सांगते, का काऊन म्हून विचारते. कुंताबाईच्या पोरीले येत होते सारे शब्द. पन तिनं मलेच विचारलं, पावतीत पी काऊन आहे म्हून. अशी पोरगी घरात काय कामाची? तुमची चांगली आहे. तुमचं तं सारं घरच चांगलं आहे. पसंत."

पसंत! आणि मोठे बाबा खुलले. हात जोडून म्हणाले, "आमच्या नलूनं बाप्पा, काऊन म्हनलंच नाई कधी."

मी उठले. म्हटलं, "मोठे बाबा, मला हे स्थळ पसंत नाही. मी लग्न करणार नाही, बी.एड.ला जाणार आहे. आणि सदाशिवरावजी, पावतीत पी का आहे हे मला माहीत आहे, पण तुम्हाला नाही सांगत. कुंताबाईंच्या मुलीला जाऊन सांगते."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. मी तयारीत होते, एकेकाला काय उत्तर द्यायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. पण कुणी बोलेचना. मोठे बाबा गप्प, सदाशिवराव गप्प, ओमप्रकाश तर आल्यापासून गप्पच, आतली मोठी आईसुद्धा गप्प. आता गप्प बसलेल्या माणसांशी कुणी भांडायचं कसं, सांगा? मी खाली वाकून कपबशा गोळा केल्या. काय करणार! लग्न मोडलं, तरी कपबशा मुलीनंच उचलायच्या असतात.